नोंद, अमानत आणि घरातील शिस्त

जनाजाची नमाज सुरू होण्यापूर्वी मृताचा मुलगा किंवा भाऊ सफांसमोर उभा राहतो आणि जमलेल्या लोकांना सांगतो की, मरहूमकडे कोणाचे काही देणे असल्यास आम्हाला कळवावे, ते आम्ही फेडू. बहुतेक वेळा हे वाक्य घाईघाईत उच्चारले जाते. लोकही मान हलवितात आणि सफा सरळ होतात. गेल्या काही वर्षांत मी अशा कितीतरी जनाजांच्या नमाजी पढविल्या. परंतु त्या वाक्यानंतर मृताच्या घरात काय घडते, हे एका प्रसंगाने मला जवळून दाखविले.

ते गृहस्थ आमच्या मोहल्ल्यातील किराणा दुकानदार होते. पाच वेळांचे नमाजी, वजनाला चोख, बोलण्यात मृदू. लोकांकडून येणे असलेल्या उधारीची त्यांची वही अगदी स्वच्छ होती. मात्र स्वतः कोणाचे काय देणे आहे, याचा एक शब्दही त्यांनी कुठे लिहून ठेवला नव्हता. ते सगळे त्यांच्या स्मरणात होते आणि एका सायंकाळी ते स्मरण त्यांच्यासोबत गेले. मुलाने सफांसमोर ते वाक्य उच्चारले. तिसऱ्या दिवशी तिघे जण घरी आले. पहिल्याची रक्कम लहान होती, ती तत्काळ दिली गेली. दुसऱ्याकडे चिठ्ठी होती. तिसऱ्याने चाळीस हजार रुपये सांगितले. कागद नाही, साक्षीदार नाही. थोरला मुलगा माझ्याकडे आला. डोळे खाली घालून म्हणाला, “मौलाना, अब्बांनी कधी काही सांगितलंच नाही. हा माणूस खोटा बोलेल असंही वाटत नाही. पण धाकटा भाऊ ऐकायला तयार नाही.”

शरीअतचा नियम स्पष्ट आहे. पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे आणि नाकारणाऱ्यावर शपथ आहे. वारसांना आपल्या माहितीपुरतीच शपथ घ्यावी लागते; ‘आम्हाला असे काही ठाऊक नाही’ असे ते शपथेवर म्हणू शकतात, आणि ते खरेही असते. म्हणजे एक सच्चा माणूस आपले पैसे गमावू शकतो आणि तरीही कोणी खोटे बोललेले नसते. त्या घरात शेवटी अर्ध्या रकमेवर तडजोड झाली. तो माणूस आजही जुम्याला येतो, परंतु त्या दोघा भावांना सलाम करताना त्याचा आवाज पूर्वीसारखा नसतो. मरहूमच्या मानेवरील उरलेल्या अर्ध्या रकमेचे काय, हा प्रश्न मी त्या भावांना विचारू शकलो नाही.

‘व्यवस्थितपणा’ हा शब्द उच्चारला की आपल्याला घडी घातलेले कपडे आणि चकाकणारी भांडी आठवतात. ती असावीतच. परंतु मुस्लिम घरातील व्यवस्थितपणाचा गाभा वेगळा आहे. दुसऱ्याचा जो हक्क आपल्या घरात, आपल्या खिशात किंवा आपल्या स्मरणात पडून आहे, तो आपण नसतानाही त्याच्यापर्यंत पोहोचेल का, या प्रश्नापासून त्याची सुरुवात होते.

दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणती, असे मी मकतबच्या मुलांना विचारतो तेव्हा ती आयतुल कुर्सीचे नाव घेतात. खरे उत्तर सूरह बकराची 282 वी आयत हे आहे. सौदीत छापल्या जाणाऱ्या पंधरा ओळींच्या मुसहफात ती एकटी आयत एक संपूर्ण पान व्यापते. आणि तिचा विषय काय? उसनवारीची नोंद. ठराविक मुदतीचे देणे-घेणे करताना ते लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा त्या आयतीचा आशय आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यवहाराला तेवढी लेखनातून सूट दिली आहे. बहुसंख्य फुकहांच्या मते हे लेखन फर्ज नसून मुस्तहब आहे. परंतु जी गोष्ट अल्लाहने इतक्या तपशिलाने शिकविली, ती ‘फर्ज नाही ना?’ असे म्हणून बाजूला सारणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

या आयतीतील एक बारकावा मला फार विलक्षण वाटतो. मजकूर कोणी सांगावा? ज्याच्यावर देणे आहे त्याने. ज्याने पैसे दिले त्याने नव्हे. देणेकऱ्याच्या तोंडून निघालेला शब्द हा कबुलीजबाब ठरतो, म्हणून नंतर त्याला नाकारता येत नाही. आणि तोच गरजू असल्यामुळे त्याच्यावर वाढीव रक्कम कोणी लादूही शकत नाही. एकाच तरतुदीने दोन्ही बाजूंचे रक्षण होते. आपल्याकडे मात्र भाऊ भावाला पैसे देताना कागद मागत नाही, कारण ‘विश्वास नाही का?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. ही आयत ‘हे श्रद्धावंतांनो’ अशी हाक मारून सुरू होते, म्हणजे परस्परांवर विश्वास असलेल्यांनाच ती लिहायला सांगते. अविश्वास असता तर व्यवहारच झाला नसता.

येथे एक भाषेची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मराठी घेऊन बी.ए. करीत असताना मला प्रथम जाणवले की जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, तारीख, मुदत, तपशील हे वहीतले सारे शब्द मराठीने अरबी-फारसीतून घेतले आहेत. ‘हिशेब’ हा शब्दही त्यांतलाच. कियामतच्या दिवसाला कुरआनने हिशेबाचा दिवस म्हटले आहे. वाण्याच्या वहीत आणि आखिरतच्या मैदानात एकच शब्द आहे, हे मराठी मुसलमानाच्या कानाला रोज ऐकू येते. लक्षात मात्र क्वचितच राहते.

तारखेचेही तसेच. ह. उमर (रजि.) यांच्या खिलाफतकाळात त्यांच्यासमोर एक दस्तऐवज आला, त्यात रक्कम शाबानमध्ये देय असल्याचे लिहिले होते. त्यांनी विचारले, कोणता शाबान? गेलेला, चालू असलेला की येणारा? खलीफांकडून येणाऱ्या पत्रांवर तारीख नसते, अशी अडचण ह. अबू मूसा अशअरी (रजि.) यांनीही कळविली होती. सल्लामसलत होऊन हिजरतपासून वर्षे मोजण्याचे ठरले. हिजरी सन 17 च्या सुमाराची ही घटना आहे. ज्या हिजरी सनाचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, त्याच्या मुळाशी एका कागदावरील अपुरी तारीख आहे. म्हणून घरात चिठ्ठी लिहिताना ‘सोमवारी दिले’ असे लिहू नये. दिवस, महिना, वर्ष तिन्ही लिहावेत.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे मी केवळ इतरांनाच उपदेश करीत आहे असे वाटणार नाही. इमामतच्या पहिल्या वर्षी रमजानमध्ये असरनंतर एका गृहस्थांनी मला तीन हजार रुपये जकातीचे म्हणून दिले. मगरिबला दुसऱ्या एकाने मशिदीच्या पंख्यांसाठी तेवढीच रक्कम दिली. दोन्ही नोटा मी कुर्त्याच्या एकाच खिशात ठेवल्या. तरावीहनंतर एक गरजू विधवा आली, तेव्हा मी खिशातून काही रक्कम काढून दिली. रात्री घरी नोटा मोजल्या तर त्या साडेचार हजार भरल्या. दिलेले दीड हजार कोणत्या रकमेतून गेले? जकातीची रक्कम हक्कदाराच्या मालकीत गेली पाहिजे, ती पंख्यांवर खर्च करता येत नाही. पंख्यांची रक्कम देणाऱ्याने मशिदीसाठी दिली, ती मी कोणा व्यक्तीला देऊ शकत नाही. मी अमानतदार होतो आणि दोघांच्या अमानती मी एकमेकींत मिसळून टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही गृहस्थांना गाठून घडले ते सांगितले. त्यांनी समजून घेतले, परवानगी दिली आणि मी हिशेब नीट लावला. माझ्या उस्तादांना फोन केला तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले की, बेटा, दोन पाकिटे आठ आण्यांना मिळतात.

तेव्हापासून माझ्या कपाटात पाकिटे असतात. कोणी काही दिले की त्याच्यासमोरच पाकिटावर रक्कम, तारीख आणि हेतू लिहितो. प्रारंभी लोकांना हे कोरडे वाटे. आता तेच विचारतात, “मौलाना, लिहिलं ना?”

अमानतीसंबंधी अधिक सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या स्त्रियांच्या कपाटांत या गोष्टी फार असतात. शेजारीण गावाला जाते, दागिने ठेवून जाते. भिशीचे पैसे एकीकडे जमतात. आखाती देशात असलेला भाचा बांधकामासाठी मामीकडे रक्कम पाठवितो. त्या दुकानदाराच्याच घरी, स्टीलच्या कपाटात, रुमालात बांधलेल्या चार बांगड्या आणि एक गळसरी सापडली. नाव नाही, चिठ्ठी नाही. त्यांच्या पत्नीला एवढेच आठवत होते की कोणीतरी ठेवायला दिल्या होत्या. सुनांच्या मनात नाना विचार आले असतील. तरीही थोरल्या मुलाने ती पोटली उघडू दिली नाही, हे त्याचे मोठेपण. दोन महिन्यांनी एक वृद्ध बाई आल्या. त्यांनी रुमालाचा रंग सांगितला, गाठ कशी मारली होती ते सांगितले आणि एक बांगडी चेपलेली असल्याचेही सांगितले. मला ती हदीस आठवली, जिच्यात सापडलेल्या वस्तूची थैली आणि तिची दोरी ओळखून ठेवावी आणि वर्षभर पुकारा करावा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविले आहे. बाईंना त्यांचे दागिने मिळाले. परंतु त्या दोन महिन्यांत त्या घरावर जे दडपण होते, ते एका कागदाच्या कपट्याने टळले असते.

मक्केत प्रेषितांच्या (स.) जिवावर उठलेले लोकही आपल्या मौल्यवान वस्तू त्यांच्याकडेच ठेवीत. हिजरतच्या वेळी ह. अली (रजि.) यांना मागे ठेवले गेले, त्यामागे एक कारण या अमानती ज्याच्या त्याला परत करणे हे होते. कोणाचे काय आहे हे ह. अलींना सांगितले गेले, तेव्हाच ते काम होऊ शकले. आपल्याकडील अमानतींची माहिती आपल्याखेरीज घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीला असावी, हे या प्रसंगातून सहज समजते.

देण्याच्या बाबतीत सहाबांमध्ये ह. जुबैर (रजि.) यांचा वृत्तांत प्रत्येक घरात एकदा तरी वाचला जावा. तो सहीह बुखारीत आला आहे. लोक त्यांच्याकडे रक्कम अमानत म्हणून ठेवू इच्छीत. ते म्हणत, अमानत म्हणून नको, ती हरवली तर तुमचे नुकसान होईल, मला कर्ज म्हणून द्या. म्हणजे जबाबदारी त्यांनी जाणूनबुजून स्वतःवर घेतली. हिजरी सन 36 मध्ये जमलच्या लढाईच्या दिवशी त्यांनी आपल्या मुलाला, ह. अब्दुल्लाह (रजि.) यांना जवळ बोलावले. आपण आज मारले जाऊ असे त्यांना वाटत होते आणि आपली सर्वांत मोठी चिंता कर्जाची आहे, हे त्यांनी सांगितले. फेडताना अडचण आली तर माझ्या मौलाची मदत माग, असेही सांगितले. मुलाला कळेना, त्याने विचारले, तुमचा मौला कोण? उत्तर मिळाले, अल्लाह.

पुढे हिशेब झाला तेव्हा ते कर्ज 22 लाख निघाले. रोख रक्कम जवळजवळ नव्हतीच, होत्या त्या जमिनी आणि घरे. गाबा येथील जमीन त्यांनी 1 लाख 70 हजारांना घेतली होती, ती 16 लाखांना विकली गेली. सर्व देणी फिटल्यानंतर इतर वारसांनी वाटणी मागितली. ह. अब्दुल्लाह (रजि.) तयार झाले नाहीत. ज्याचे माझ्या वडिलांकडे देणे असेल त्याने यावे, असा पुकारा ते चार वर्षे हजच्या मोसमात करीत राहिले आणि त्यानंतरच वाटणी केली. चार वर्षे! आपल्याकडे चाळिसाव्याच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीची धावपळ सुरू होते आणि देण्याचा विषय सफांसमोरील त्या एका वाक्यात संपतो. सूरह निसाच्या 11 आणि 12 या दोन आयतींत वारशाचे हिस्से सांगताना चार वेळा आठवण दिली आहे की हे हिस्से वसियत आणि कर्ज यांच्यानंतर आहेत. पत्नीचा न दिलेला महरही या कर्जातच येतो. निकाहनामा कुठे आहे आणि त्यात किती महर लिहिला आहे, हे किती घरांत तत्काळ सांगता येईल?

वसियतसंबंधी ह. इब्ने उमर (रजि.) यांची हदीस प्रसिद्ध आहे. ज्याच्याकडे वसियत करण्याजोगे काही आहे, त्याच्या दोन रात्रीही वसियत लिहून ठेवल्याविना जाऊ नयेत, हा तिचा भाव आहे. हे ऐकल्यापासून माझी एकही रात्र वसियतविना गेली नाही, असे ते स्वतः सांगत. आपण मात्र वसियत लिहिणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण समजतो. साध्या कागदावर आपली देणी, येणी, अमानती, राहिलेल्या नमाजा-रोजे आणि एक तृतीयांशाच्या मर्यादेत वारस नसलेल्या कोणाला काही द्यायचे असल्यास ते लिहावे. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. अर्धा तास पुरतो.

राहिलेल्या रोजांचा उल्लेख ओघाने आला, पण भगिनींसाठी तो महत्त्वाचा आहे. रमजानमध्ये सुटलेले रोजे ह. आयेशा (रजि.) शाबानपर्यंत पूर्ण करीत, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. म्हणजे संख्या त्यांना ठाऊक असे. कोकणातील आपली बहुतांश घरे शाफई आहेत. त्या मसलकनुसार सबळ कारणाविना पुढचा रमजान उजाडेपर्यंत कजा राहिली, तर रोजासोबत फिदियाही द्यावा लागतो. हनफी मसलकात केवळ कजा आहे. दोन्हीकडे संख्या माहीत असणे आवश्यकच. ईदच्या दुसऱ्या दिवशी दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर आकडा लिहावा, रोजा पूर्ण झाला की एक रेघ मारावी. लग्नानंतर पंधरा वर्षांनी ‘किती राहिले असतील?’ असे रडवेल्या स्वरात विचारणाऱ्या भगिनींचे निरोप मला त्यांच्या पतींमार्फत येतात, आणि अंदाजाने जास्तीची संख्या धरा, यापलीकडे माझ्याकडे उत्तर नसते.

जकातीची तारीख हाही असाच दुर्लक्षित विषय. अनेक व्यापारी 31 मार्चला हिशेब बंद करताना जकात काढतात. सोयीचे आहे, परंतु जकातीचे वर्ष चांद्र आहे आणि ते सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. या पद्धतीने सुमारे 33 वर्षांत एका पूर्ण वर्षाची जकात बुडते. 10 लाखांच्या मालावर ती 25 हजार रुपये होते, आणि ती रक्कम गरिबाची असते. ज्या चांद्र तारखेला आपण प्रथम निसाबचे मालक झालो ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. नक्की आठवत नसेल तर विचारपूर्वक एक तारीख ठरवावी आणि मग ती बदलू नये.

हे सारे केव्हा करायचे, असा प्रश्न येईल. आपल्याला वेळ शोधावा लागत नाही, तो पाच ठिकाणी आधीच कापून ठेवलेला आहे. ‘जोहरनंतर या’, ‘असरला भेटू’ असे आपण बोलतोच. फज्रनंतरचा वेळ कामाला लावावा. उम्मतच्या सकाळच्या वेळेत बरकत व्हावी, अशी दुआ प्रेषितांनी (स.) केली आहे, ती सांगणारे ह. सखर गामिदी (रजि.) व्यापारी होते, आपला माल सकाळीच रवाना करीत आणि त्यांची भरभराट झाली. इशानंतर विनाकारण गप्पा मारीत बसणे प्रेषितांना (स.) आवडत नसे. ती दहा मिनिटे वहीसाठी ठेवावीत: आज कोणाकडून घेतले, कोणाला दिले, कोणते वचन दिले. रोज एकदम सगळे घर आवरण्याचा संकल्प करू नये, तो आठ दिवसांत मोडतो. थोडे असले तरी नियमित केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय आहे, हे हदीसवरून आपल्याला ठाऊक आहेच.

झोपण्यापूर्वीची शिकवण तर थेट घर आवरण्याचीच आहे. अल्लाहचे नाव घेऊन दारे लावावीत, पाण्याची मशक बांधावी, भांडी झाकावीत, दिवा विझवावा. कारण उंदीर वात ओढून नेतो आणि घर पेटते. अंथरूण झटकून मगच त्यावर पडावे. आज वातीच्या जागी गॅसचे बटण, मच्छर अगरबत्ती आणि उशाखाली चार्जिंगला लावलेला मोबाइल आहे. आमच्या घरी हे काम माझ्या नऊ वर्षांच्या मुलीकडे आहे. ती ‘बिस्मिल्लाह’ म्हणत दारापासून स्वयंपाकघरापर्यंत फिरते आणि माझ्याकडून काही राहिले असेल तर मोठ्याने सांगते. मोबाइलच्या बाबतीत बहुधा मीच सापडतो.

कागदांसाठी पत्र्याची एक पेटी पुरेशी आहे. निकाहनामा, जन्माचे दाखले, सातबारा, बँकेची पुस्तके, वसियत आणि नोंदींची वही एवढेच तिच्यात असावे. जुनी बिले आणि लग्नपत्रिका तिच्यात कोंबू नयेत. पेटीची जागा पत्नीला किंवा मोठ्या मुलाला माहीत असावी. वही दरवर्षी 1 मुहर्रमला एकदा पूर्ण वाचावी, फिटलेल्या देण्यांवर रेघ ओढून फेडल्याची तारीख घालावी आणि न फिटलेली नव्या पानावर उतरवावीत. त्या दुकानदाराच्या थोरल्या मुलाने गल्ल्याशेजारी आता दोन वह्या ठेवल्या आहेत, एक येण्याची आणि एक देण्याची. गेल्या महिन्यात मी साखर घ्यायला गेलो तेव्हा सुट्या पैशांअभावी त्याच्याकडे माझे सात रुपये राहिले. मी नको म्हणत असताना त्याने दुसरी वही ओढली, माझे नाव लिहिले आणि तारीख घातली.